अटलांटातली नव्वद मिनिटं: बायडन यांची डिबेट आणि लोकांची प्रतिक्रिया (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प यांची २७ जून २०२४ ची डिबेट होऊन बराच काळ लोटला, निवडणूक होऊन निकालही लागला, तरी तिच्याबद्दलचे प्रश्न थांबलेले नाहीत. एका कार्यक्रमामुळे विद्यमान अध्यक्ष शर्यतीबाहेर कसा गेला? लोक नेमके कशावर चिडले? आधी असं कधी झालं होतं का? पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

ही डिबेट कुठे आणि कशी झाली?

अटलांटा शहरात, सीएनएन वाहिनीच्या स्टुडिओत. जेक टॅपर आणि डेना बॅश हे दोघे सूत्रसंचालक होते. वेळ ९० मिनिटांची, मध्ये जाहिरातींसाठी दोन विश्रांती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारची सकाळ, साडेसहा. सुमारे ५ कोटी १० लाख अमेरिकी लोकांनी ती टीव्हीवर पाहिली.

एक आजी आणि एक माजी राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर समोरासमोर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. बायडन तेव्हा ८१ वर्षांचे होते, ट्रम्प ७८. १९८८ पासून अशा डिबेट एक स्वतंत्र आयोग भरवत असे. या वेळी त्याला बाजूला ठेवून दोन्ही गटांनी थेट वाहिन्यांशी बोलणी केली. तारीखही नेहमीपेक्षा कितीतरी आधीची, पक्षांची अधिवेशनं व्हायच्या आतली. लवकर डिबेट व्हावी हा आग्रह बायडन यांच्या बाजूचा होता. जनमत चाचण्यांत बायडन मागे होते आणि त्यांना चित्र पालटायचं होतं.

नियमांचा फायदा कुणाला झाला?

कागदावर बायडन यांना, प्रत्यक्षात ट्रम्प यांना.

स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद. सोबत टिपणं आणायला मनाई, फक्त कोरा कागद, पेन आणि पाण्याची बाटली. विश्रांतीत सहायकांशी बोलायचं नाही. २०२० च्या पहिल्या डिबेटमध्ये ट्रम्प यांनी सतत मध्ये बोलून सगळ्याचा विचका केला होता, ते टाळावं म्हणून बायडन यांच्या लोकांना हे नियम हवे होते. पण माइक बंद असल्यामुळे ट्रम्प यांना गप्प बसणं भाग पडलं आणि ते एरवीपेक्षा शांत दिसले. बायडन मात्र उघडे पडले. मध्ये तोंड घालणारं कुणी नव्हतं, त्यामुळे वाक्य अडखळलं तर ते कुणाच्या व्यत्ययामुळे अडखळलं असं म्हणायची सोय राहिली नाही.

पहिल्या काही मिनिटांतच लोक का हादरले?

आवाजामुळे. बायडन बोलायला लागले तेव्हा आवाज बसलेला, घोगरा, जेमतेम ऐकू येणारा होता. शब्द एकात एक मिसळत होते. पडदा दोन भागांत विभागलेला असल्याने ट्रम्प बोलत असतानाही बायडन यांचा चेहरा दिसत राहायचा: तोंड अर्धवट उघडं, नजर कुठेतरी स्थिर.

मग आला तो प्रसंग, ज्याची चित्रफीत पुढे जगभर फिरली. विषय होता राष्ट्रीय कर्ज. देशात हजारभर अब्जाधीश आहेत, त्यांच्यावर नीट कर लावला तर किती पैसा उभा राहील, इथून उत्तराची सुरुवात झाली. मग बालसंगोपन, वृद्धांची काळजी, आरोग्यसेवा अशी यादी सुरू झाली आणि वाक्य भरकटलं. कोविड हा शब्द आला, माफी मागून मागे घेतला गेला. मग काही सेकंदांची शांतता. आणि शेवटी वाक्य आलं की आपण अखेर मेडिकेअरला हरवलं! मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, डेमोक्रॅटिक पक्षाचा जुना अभिमान. बायडन यांना बहुधा औषध कंपन्यांना नमवलं असं म्हणायचं होतं. वेळ संपली, टॅपर यांनी आभार मानले आणि पाळी ट्रम्प यांच्याकडे दिली. ते लगेच म्हणाले की हो, बरोबर आहे, यांनी मेडिकेअरला हरवलंच, पार मारून टाकलं.

गर्भपाताच्या प्रश्नाचंही तसंच झालं. हा विषय डेमोक्रॅटिक पक्षासाठी सर्वांत अनुकूल होता. बायडन उत्तर देता देता स्थलांतरितांच्या गुन्ह्याकडे वळले, म्हणजे आपण होऊन प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात गेले. माझ्या मते मेडिकेअरच्या वाक्यापेक्षा ही चूक मोठी होती, कारण ती जिभेची नव्हती.

पण ट्रम्प खोटं बोलले नाहीत का? त्याची शिक्षा त्यांना का मिळाली नाही?

बोलले, आणि भरपूर. सीएनएनच्याच पडताळणीत ट्रम्प यांची ३० पेक्षा जास्त विधानं खोटी ठरली. काही राज्यांत जन्मानंतर बाळांना मारण्याची मुभा आहे, असं त्यांनी बेधडक सांगितलं. निवडणुकीचा निकाल मान्य कराल का, हे बॅश यांना तीनदा विचारावं लागलं, तेव्हा कुठे निवडणूक न्याय्य आणि कायदेशीर झाली तर, अशी अट घालून उत्तर आलं. बालसंगोपनाचा खर्च कसा कमी करणार, या साध्या प्रश्नाला त्यांनी दोनदा बगल दिली.

बायडन यांचीही काही विधानं चुकीची होती. आपल्या कारकिर्दीत जगात कुठेही अमेरिकी सैनिक मरण पावले नाहीत असा अर्थ निघेल असं ते बोलले, पण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळावर १३ सैनिक मारले गेले होते.

सूत्रसंचालकांनी जागच्या जागी पडताळणी करायची नाही, हे वाहिनीनं आधीच ठरवलं होतं. खोडून काढायचं काम प्रतिस्पर्ध्याचं. तो प्रतिस्पर्धी त्या रात्री खोडून काढण्याच्या स्थितीतच नव्हता. ठासून बोललेलं खोटं त्यामुळे तसंच घराघरांत गेलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत गंभीर गोष्ट वाटते आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

सर्वांत आधी कोण बोललं? विरोधक की स्वपक्षीय?

स्वपक्षीय. हीच या प्रतिक्रियेची खासियत आहे. डिबेट चालू असतानाच डेमोक्रॅटिक नेत्यांचे, देणगीदारांचे, प्रचारातल्या लोकांचे पत्रकारांना संदेश जात होते. डिबेट संपल्याबरोबर सीएनएनच्या जॉन किंग यांनी सांगितलं की पक्षात खोलवर आणि सर्वदूर घबराट पसरली आहे. ओबामांचे जुने सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड, व्हॅन जोन्स ही मंडळी पक्षाच्याच बाजूची, पण त्यांचेही चेहरे उतरलेले होते. उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी त्याच रात्री मुलाखतीत बाजू सावरली: सुरुवात संथ होती, शेवट दमदार झाला.

दुसऱ्या दिवशी न्यू यॉर्क टाइम्सच्या संपादक मंडळानं बायडन यांनी माघार घ्यावी असं लिहिलं. टॉमस फ्रीडमन, बायडन यांचे मित्र म्हणवणारे स्तंभलेखक, यांनी डिबेट पाहताना रडू आल्याचं लिहिलं. रिपब्लिकन गोटाला फार काही बोलायची गरजच उरली नाही.

सर्वसामान्य मतदारांचं काय? आकडे काय सांगतात?

डिबेट पाहणाऱ्यांच्या सीएनएनच्या झटपट पाहणीत ६७ टक्के लोकांनी ट्रम्प जिंकले असं म्हटलं, ३३ टक्क्यांनी बायडन. मात्र त्याच पाहणीत ८१ टक्के लोकांनी या डिबेटमुळे आपल्या मतावर काहीच परिणाम झाला नाही असंही सांगितलं. मत बदललं असं म्हणणारे फक्त ५ टक्के होते.

देशभरातल्या चाचण्यांत बायडन यांची पिछाडी दोनतीन टक्क्यांनी वाढली. न्यू यॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजच्या पाहणीत ती ४९ विरुद्ध ४३ अशी झाली. पायाखालची वाळू सरकली ती दुसऱ्याच आकड्यानं. सीबीएसच्या पाहणीत ७२ टक्के मतदार म्हणाले की अध्यक्षपद सांभाळण्याइतकं बायडन यांचं मानसिक आरोग्य नाही. डिबेटच्या आधी हाच आकडा ६५ होता.

म्हणजे डिबेटच्या आधीच ६५ टक्क्यांना असं वाटत होतं?

हो. आणि मला या पानावर सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे. जनतेला धक्का बसला असं आपण सहज म्हणतो, पण बहुसंख्य जनतेला त्या रात्री नवं काही कळलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, एपी वृत्तसंस्था आणि एनओआरसी या संशोधन संस्थेच्या पाहणीत ७७ टक्के लोकांनी बायडन दुसऱ्या कार्यकाळासाठी फार वयस्क आहेत असं म्हटलं होतं. डेमोक्रॅटिक मतदारांतही हे प्रमाण ६९ टक्के होतं. हे घरचेच लोक.

पक्षानं त्यांचं ऐकून घेतलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडन यांच्याकडच्या गोपनीय कागदपत्रांची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात बायडन यांच्या कमकुवत स्मरणशक्तीचा उल्लेख आला, तेव्हा पक्ष त्यांच्यावर तुटून पडला. ७ मार्चला अमेरिकी संसदेसमोर बायडन यांनी खणखणीत भाषण केलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण ते भाषण समोर पाहून वाचायचं होतं. उलटप्रश्नांना तोंड देणारे कार्यक्रम त्यांनी कमीच केले. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढ्यावर वर्ष निघालं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत नाव घेण्याजोगा प्रतिस्पर्धी उभाच राहिला नाही. डीन फिलिप्स नावाचे एक खासदार राहिले, त्यांची दखलही कुणी घेतली नाही.

त्यामुळे लोकांच्या प्रतिक्रियेत जो राग होता, तो वाईट बोलण्यावरचा कमी आणि आम्हाला दिसत होतं ते तुम्ही नाकारत का राहिलात, यावरचा जास्त होता. मतदाराला त्याच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस असं सांगणं हा त्याचा अपमान आहे. अटलांटात तो अपमान पाच कोटी लोकांना एकाच वेळी जाणवला.

बायडन यांच्या बाजूनं काय कारणं दिली गेली?

डिबेट चालू असतानाच त्यांना सर्दी झाल्याचं सांगण्यात आलं. बाहेर पडल्यावर ते अटलांटाजवळच्या मॅरिएटातल्या वॅफल हाउस नावाच्या उपाहारगृहात थांबले. तिथे पत्रकारांना म्हणाले की घसा दुखतोय, पण आपल्या मते ठीक झालं, खोटारड्याशी वाद घालणं अवघड असतं. काही दिवसांनी, २ जुलैला, एका निधी संकलनाच्या कार्यक्रमात त्यांनी परदेश दौऱ्यांच्या दगदगीला दोष दिला. पण दौरा आटोपून बरेच दिवस झाले होते आणि त्यानंतर सुमारे आठवडाभर ते कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अध्यक्षांच्या विश्रामस्थानी, डिबेटचीच तयारी करत होते. कुणी म्हणालं की सल्लागारांनी आकड्यांचा मारा करून डोकं शिणवलं. दर दोन दिवसांनी कारण बदलत गेलं आणि लोकांचा उरलासुरला विश्वासही उडाला.

नंतर त्यांनी सावरायचा प्रयत्न केला नाही का?

केला, आणि लगेच. दुसऱ्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात सभा झाली. तिथे ते जोरकस बोलले. पूर्वीसारखं सहज चालता येत नाही, पूर्वीसारखी डिबेट करता येत नाही, पण खरं कसं बोलायचं ते मला ठाऊक आहे, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. ओबामांनीही वाईट डिबेट कुणाच्याही वाट्याला येते, मी स्वतः अनुभवलंय, असा संदेश लिहिला.

पण बूंद से गई वो हौद से नहीं आती. रॅलेतही समोर मजकूर होता, आणि लोकांना पाहायचं होतं ते मजकुराशिवाय. ५ जुलैला एबीसीच्या जॉर्ज स्टेफनॉपुलस यांना मुलाखत दिली, तीत प्रत्यक्ष परमेश्वरानं येऊन सांगितलं तरच माघार घेईन असं म्हणाले. ११ जुलैला नाटो परिषदेनंतरची पत्रकार परिषद एरवी चांगली म्हटली गेली असती. परराष्ट्र धोरणावर ते तासभर तपशिलात बोलले. पण त्याच दिवशी त्यांनी झेलेन्स्की यांची ओळख पुतिन म्हणून करून दिली होती आणि हॅरिस यांचा उल्लेख उपाध्यक्ष ट्रम्प असा केला. डिबेटनंतर लोक प्रत्येक वाक्य त्याच एका नजरेनं ऐकत होते.

माघारीपर्यंत गोष्ट कशी गेली?

२ जुलैला टेक्ससचे लॉइड डॉगेट हे माघार मागणारे पक्षाचे पहिले खासदार ठरले. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसी यांनी, हा एखादा प्रसंग आहे की कायमची अवस्था, हा प्रश्न रास्त आहे असं म्हटलं. पेलोसींसारख्या मुरब्बी नेत्या जाहीरपणे असं बोलल्यावर बाकीच्यांना इशारा पुरेसा होता. मोठ्या देणगीदारांनी हात आखडते घेतले. १० जुलैला अभिनेते जॉर्ज क्लूनी यांचा माघार मागणारा लेख आला. ते नुकतेच बायडन यांच्यासाठी निधी उभारून बसले होते.

१३ जुलैला पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि काही दिवस हा विषय मागे पडला. मग १७ तारखेला बायडन यांना कोविड झाला. रविवारी, २१ जुलैला, त्यांनी पत्र प्रसिद्ध करून माघार घेतली आणि हॅरिस यांना पाठिंबा दिला. तोवर तीसहून जास्त डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधी उघडपणे माघार मागत होते. विद्यमान अध्यक्षानं पुन्हा उभं राहण्याचा विचार सोडून देण्याची ही १९६८ मधल्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतरची पहिली घटना.

ही सगळी वयाची थट्टा नव्हती का?

काही प्रमाणात होती, आणि ती वाईट होती. त्या रात्रीपासून जे मीम फिरले त्यांतल्या कित्येकांत राजकारण नव्हतंच, होता तो एका म्हाताऱ्या माणसाच्या थकव्यावरचा हशा. बायडन यांना लहानपणापासून तोतरेपणाचा त्रास आहे, त्याबद्दल ते उघडपणे बोलत आले आहेत. त्या त्रासातून जाणाऱ्या माणसांनी हे मीम पाहिले असतील तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

पण म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, असं होत नाही. अण्वस्त्रांचा अधिकार हाती असलेला माणूस आणखी साडेचार वर्षं, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत, हे काम करू शकेल का, हे विचारण्याचा मतदाराला पुरेपूर हक्क आहे. आणि तोच प्रश्न ७८ वर्षांच्या प्रतिस्पर्ध्यालाही तितक्याच कठोरपणे विचारायला हवा होता.

याआधी कुणाची डिबेट अशी बिघडली होती?

अनेकांची, पण त्यातले बरेच जण तरले.

रोनाल्ड रेगन १९८४ मध्ये ७३ वर्षांचे होते. ७ ऑक्टोबरला लुईव्हिलमध्ये वॉल्टर माँडेल यांच्यासमोर ते गोंधळले आणि वयाची चर्चा सुरू झाली. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत वयाचा प्रश्न येताच ते म्हणाले की प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचा मी राजकीय फायदा घेणार नाही. माँडेलही हसले. रेगन ४९ राज्यं जिंकले.

ओबामा ३ ऑक्टोबर २०१२ ला डेन्व्हरमध्ये मिट रॉम्नींसमोर मरगळलेले दिसले. गॅलपच्या पाहणीत ७२ टक्क्यांनी रॉम्नींना विजयी ठरवलं. पुढच्या डिबेटमध्ये ओबामांनी कसर भरून काढली.

जेरल्ड फोर्ड यांचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. ६ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असं विधान केलं. त्याच रात्री विचारलं तेव्हा प्रेक्षकांना त्यात फार वावगं वाटलं नव्हतं. वृत्तपत्रांत आणि बातम्यांत चर्चा झाल्यावर एका दिवसात मत फिरलं. म्हणजे तिथे लोकांची प्रतिक्रिया बऱ्याच अंशी माध्यमांनी घडवली. २०२४ मध्ये उलटा प्रकार होता: बातमीदारांच्या आधी प्रेक्षकांनी निकाल दिला होता.

आणि रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले रिक पेरी. नोव्हेंबर २०११ मध्ये मी तीन खाती बंद करणार असं सांगून त्यांना तिसरं खातं आठवेना. ते होतं ऊर्जा खातं. उमेदवारी बुडाली, पण २०१७ मध्ये त्याच खात्याचे ते मंत्री झाले.

रेगन आणि ओबामा सावरले, मग बायडन का नाही?

पुढची डिबेट १० सप्टेंबरला होती, अडीच महिन्यांनी. रेगन आणि ओबामांना दोन आठवड्यांत दुसरी संधी मिळाली. शिवाय ओबामांची ती रात्र वाईट गेली एवढंच लोकांनी मानलं. बायडन यांच्या बाबतीत लोकांना आधीपासून जी शंका होती तिचा पुरावाच मिळाला.

डिबेट जिंकली की निवडणूक जिंकता येते का?

नाही. १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प समोरासमोर आले. सीएनएनच्या पाहणीत ६३ टक्क्यांनी हॅरिस जिंकल्या असं म्हटलं, ट्रम्प यांना ३७. प्रेक्षक जूनपेक्षाही जास्त, सुमारे ६ कोटी ७० लाख. आणि ५ नोव्हेंबरला ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ निर्वाचक (इलेक्टोरल) मतांनी निवडून आले. महागाई आणि स्थलांतर हे मुद्दे डिबेटनं हलले नाहीत.

आपल्याकडे अशी डिबेट का होत नाही?

संसदीय पद्धतीत पंतप्रधान थेट निवडला जात नाही, हे नेहमीचं उत्तर. ते पुरेसं नाही, कारण ब्रिटनमध्येही तीच पद्धत आहे आणि तिथे २०१० पासून पक्षनेत्यांच्या टीव्हीवरच्या डिबेट होतात. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, मुंबई उच्च न्यायालयातही काम केलेले माजी न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी ते स्वीकारलं. चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, मग त्यात कुणाचीही फजिती होवो.

आज ही डिबेट पाहायची असेल तर काय लक्षात ठेवावं?

कापलेल्या चित्रफिती पाहू नका, पूर्ण ९० मिनिटं पाहा. एकदा आवाज बंद करून दहा मिनिटं पाहा, म्हणजे त्या रात्री लोकांवर कशाचा परिणाम झाला ते कळेल. मग छापील संवाद घेऊन तोच भाग वाचा. बालसंगोपनाच्या आणि निकाल मान्य करण्याच्या प्रश्नांवर ट्रम्प काय बोलले ते सावकाश वाचा, कारण पाहताना ते निसटून जातं.